माळाचा राखणदार : तरवड

वनस्पतींच्या राज्यांतही मानाचे आणि उपेक्षित असा भेद आपण मनुष्यांनींच पाडून ठेविला आहे. आपल्या घरांतून मुंजीच्या दिवशीं बटूच्या हातीं पळसाचा दंड देतात. दसऱ्यास शमीचें पूजन होतें आणि आपट्याचीं पानें सोनें म्हणून वांटलीं जातात. पळस, शमी व आपटा हीं तिन्ही झाडें एकाच कुलांतील आहेत, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत असते. तूर, हरभरा, मूग, उडीद यांनीं ज्या कुलाची कीर्ति आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोंचविली, त्याच शेंगा धरणाऱ्या, शास्त्रीय भाषेंत शिंबावंत, कुलाचीं तीं अपत्यें होत. या मोठ्या गोतावळ्यांतील एक दरिद्री पण मानी आप्त धाराशिव जिल्ह्याच्या माळामाळांवर उभा आहे. त्यास कोणी पाणी घालीत नाहीं, कुंपण करीत नाहीं, आणि त्याचें कोणी कौतुकही करीत नाहीं. त्याचें नांव तरवड. आश्विनाच्या सुमारास बोडक्या टेंकडीवर पिवळ्याजर्द फुलांचीं झुडपें दिसलीं, तर तीं बहुधा याचींच समजावीं. या झुडुपाचें निसर्गांतील स्थान कोणतें, आणि ज्यास आपण निरुपयोगी म्हणतों तें खरोखर तसें आहे काय, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

भूमि आणि झुडूप

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसलेला आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. सातव्या निजामाच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव जाऊन २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांव सरकारी कागदांतही परत मिळालें. येथें पाऊस सरासरीनें सुमारें ३० इंच, म्हणजे ७५० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. परंतु तो सरासरीच्या हिशोबानें क्वचितच येतो. १९७२ चा दुष्काळ वडील माणसें अद्याप विसरलेलीं नाहींत, आणि २०१२-१३ व २०१५-१६ या सालांची पाणीटंचाई तर तरुणांनींही भोगलेली आहे. तेरणा, मांजरा, बोरी या नद्यांच्या कांठीं काळी कसदार जमीन आहे. वर माळावर मात्र काळ्या खडकावर वीतभर मुरमाड मातीचें पांघरूण, आणि तेंही ठिकठिकाणीं फाटलेलें. तुळजापुराहून नळदुर्गाकडे, किंवा धाराशिवाहून येडशीच्या रामलिंग घाटाकडे जातांना दोहों बाजूंस हेच माळ नजरेस पडतात.

अशा जागीं तरवड उगवतो. हें झुडूप सामान्यतः पुरुषभर उंचीचें असतें. त्याचीं पानें चिंचेच्या पानांप्रमाणें संयुक्त असून एका दांड्यावर पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या असतात. पानाच्या बुडाशीं, जेथें तें फांदीस चिकटतें तेथें, दोन रुंद गोलसर उपपर्णें असतात. त्यांचा आकार कानाच्या पाळीसारखा दिसतो. यावरूनच लिनीअस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं या वनस्पतीस ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’, म्हणजे कानवाला कॅशिया, असें नांव दिलें. पुढें या गणाची पुनर्रचना झाली. १९८२ सालीं आयर्विन व बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं जुन्या कॅशिया गणाचे तीन भाग मान्य केले. त्यांत आपला बहावा कॅशियांतच राहिला, आणि तरवड, तसेंच पावसाळ्यांत ज्याची भाजी करतात तो टाकळा, हे सेन्ना गणांत गेले. म्हणून आजच्या ग्रंथांतून तरवडाचें नांव ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ असें आढळेल. आयुर्वेदांत यासच आवर्तकी म्हणतात. त्याच्या चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा तीन-चार इंच लांब असून वाळल्यावर वाऱ्यानें खुळखुळतात.

शिंबावंत कुलाविषयीं एक समज आपल्या शेतकऱ्यांत व शिकलेल्या लोकांतही दृढ आहे. तो हा कीं, शेंगा धरणारी प्रत्येक वनस्पति आपल्या मुळांवरील गांठींतून हवेंतील नत्र जमिनींत साठविते. तूर-हरभऱ्याच्या बाबतींत हें अगदीं खरें आहे. परंतु तरवडाच्या गणांतील वनस्पतींच्या मुळांवर अशा गांठी सहसा आढळत नाहींत. तेव्हां तरवडाचा उपकार मोजावयाचा तर तो या मापानें मोजून चालणार नाहीं. तो जमिनीस आपला पाला देतो. दक्षिणेंत भातखाचरांतून त्याच्या कोंवळ्या फांद्या हिरवळीचें खत म्हणून तुडविण्याची चालही आहे. परंतु त्याचें मुख्य काम याहून वेगळें आहे, आणि तें समजण्यास आपणांस प्रथम शेळीकडे पाहिलें पाहिजे.

शेळीनें टाकलेलें पान

धाराशिव जिल्ह्याचें नांव बदललें, तरी येथील शेळीनें मात्र जुनेंच नांव सर्व देशांत चालू ठेविलें आहे. उस्मानाबादी शेळी ही बहुधा काळ्या रंगाची, काटक आणि पुष्कळदां जुळीं देणारी जात. कोरडवाहू मुलखांतील गरिबाची ती गाय होय. बोरीचे कांटे, बाभळीच्या शेंगा, निवडुंगाच्या आडोशाचें गवत, कांहींच तिच्या तोंडून सुटत नाहीं. पण तरवडाच्या पानास ती सहसा तोंड लावीत नाहीं, गाई-म्हशींचेंही तेंच. तरवडाच्या अंगीं टॅनिन नांवाचें कषाय द्रव्य विपुल आहे. सुपारी किंवा कच्चा आंवळा चावला असतां जिभेस जी ओढ बसते, ती याच जातीच्या द्रव्यांमुळें. जनावरांच्या तोंडास हा तुरटपणा सोसत नाहीं.

यावरून गुराखी म्हणेल कीं, ज्याचें पान ढोरही खात नाहीं तें झुडूप काय कामाचें? परंतु याच एका गुणावर माळाचें पुष्कळसें जीवित अवलंबून आहे. ज्या टेंकडीवर वर्षानुवर्षें शेंकडों जनावरें चरतात, तेथें चवदार असें कांहींच उरत नाहीं. गवत मुळाशीं कुरतडलें जातें, रोपें वर येण्याआधींच खुडलीं जातात, खुरांनीं माती मोकळी होते, आणि मृगाच्या पहिल्या सरींत ती ओढ्यांतून वाहून जाते. अशा वेळीं जें खाल्लें जात नाहीं तेंच टिकून राहतें, आणि जें टिकून राहतें तेंच मातीस धरून ठेवतें. तरवडाचीं चिवट मुळें खडकाच्या भेगांतून खोल शिरतात. दुष्काळांत भोंवतालचें गवत जळून गेलें तरी हें झुडूप हिरवें राहतें. वाहून येणारी माती व पालापाचोळा त्याच्या बुडाशीं अडतो. त्याच्या सांवलींत, दाट फांद्यांच्या आड, गवताचें बीं रुजतें आणि शेळीच्या तोंडापासून बचावून त्यास लोंब्या येतात; तेथून तें पुन्हां माळभर पसरूं शकतें. ज्या बोरीला किंवा हिवराला उघड्यावर वाढतां आलें नसतें, तिचें रोप अशा आडोशाला चार पावसाळे काढून डोकें वर काढतें. घरांतील एखादा तुटक स्वभावाचा वडील माणूस जसा स्वतः कोणास फारसा प्रिय नसतो, पण त्याच्या धाकानें लहानांचें रक्षण होतें, तशांतलाच हा प्रकार आहे.

जें शेळीस वर्ज्य, तें सर्वांसच वर्ज्य असतें असें मात्र नाहीं. पावसाळ्यांत व त्यानंतर फिकट हिरवट-पांढऱ्या रंगाचीं फुलपाखरें माळावर एका दिशेनें लगबगीनें उडत जातांना दिसतात. इंग्रजींत त्यांस ‘एमिग्रंट’, म्हणजे देशांतर करणारीं, असें म्हणतात. तीं आपलीं अंडीं तरवड, टाकळा यांसारख्या झाडांच्याच पानांवर घालतात, आणि त्यांचे हिरवे सुरवंट हाच पाला खाऊन वाढतात. सुरवंट आले म्हणजे त्यांवर उपजीविका करणारे पक्षी आले. चंडोलासारखे जे पक्षी एरवीं दाणे टिपतात, तेही आपल्या पिलांस किडेच भरवितात. तित्तर आणि लावे झुडुपांच्या बुडाशीं दडतात, आणि त्यांच्या मागावर खोकड येतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज येथें ज्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य जाहीर करण्यांत आलें, तो माळढोक पक्षी अशाच गवताळ माळांचा रहिवासी होता; आज त्याचें दर्शन अत्यंत दुर्मिळ झालें आहे. गवत आणि मधून मधून विखुरलेलीं झुडपें, हीच या भूमीची नैसर्गिक मांडणी. तींत तरवडाचें दाट रान माजलें तर तेंही माळास हितकर नव्हे. पण तरवड मुळींच नाहींसा झाला, तर उघड्या मातीस धरून ठेवणारा हात गेला असें समजावें.

फुलांतील युक्ति

तरवडाचें फूल जवळून पाहण्यासारखें आहे. मुलांस सोबत घेऊन पाहिल्यास एका सकाळींत निसर्गशास्त्राचा उत्तम पाठ होईल. वाटाण्याचें किंवा तुरीचें फूल पतंगासारखें असतें. तरवडाचें तसें नसून पांच पाकळ्यांचें, उघडें व बशीसारखें असतें. त्यांत मकरंद मुळींच नसतो. येणाऱ्या पाहुण्यास द्यावयास त्याजपाशीं एकच वस्तु आहे, ती म्हणजे पराग. आणि तोही तो सहजासहजीं देत नाहीं. फुलांतील दहा पुंकेसरांपैकीं वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांचे परागकोश इतर फुलांप्रमाणें उभे चिरून उघडत नाहींत. त्यांच्या टोंकाशीं बारीक छिद्रें असतात, आणि पराग आंत मिठाच्या डबीतल्या मिठासारखा बंद असतो.

ही डबी हालविण्याची कला काळ्या मोठ्या भुंग्यास अवगत आहे. तो फुलास पायांनीं घट्ट धरतो, पंख न हालवितां छातीचे स्नायु मात्र जोरानें थरथरवितो, आणि त्या कंपानें छिद्रांतून परागाचा फवारा उडतो. कान देऊन ऐकल्यास उडतांना होणाऱ्या गुंजारवाहून हा आवाज वेगळा व चढा असल्याचें कळून येतें. मधमाशीस ही विद्या येत नाहीं. ती सांडलेले परागकण वेंचून नेते. मधले आंखूड पुंकेसर जणूं भुंग्याच्या शिध्यासाठीं, आणि खालचे लांब पुंकेसर त्याच्या अंगावर पराग शिंपडण्यासाठीं, अशी ही वांटणी आहे. त्यांतही एक खुबी अशी कीं, कांहीं फुलांत स्त्रीकेसर उजवीकडे वळलेला असतो, तर कांहींत डावीकडे, आणि दोन्ही प्रकारचीं फुलें एकाच झुडुपावर लागतात. एका फुलांतील पराग भुंग्याच्या ज्या कुशीस लागतो, ती कूस विरुद्ध बाजूच्या फुलांतील स्त्रीकेसरास नेमकी घासते. डल्बर्गर या विदुषीनें तरवडाच्या याच पुष्परचनेवरील आपला अभ्यास १९८१ सालीं अमेरिकन वनस्पतिशास्त्राच्या मासिकांत प्रसिद्ध केला.

ही केवळ गंमतीची गोष्ट नव्हे. वांग्याच्या फुलाचे परागकोशही अशाच छिद्रांचे असतात, आणि तुरीच्या फुलांवरही हा भुंगा येतो. शेतांत पीक नसतें त्या दिवसांत या भुंग्यानें काय खावें? बांधावरचा व माळावरचा तरवड त्या वेळीं त्याचें अन्नछत्र चालवितो. माळ नांगरून टाकणारा शेतकरी आपल्याच मळ्यांतील एक बिनपगारी नोकर कमी करीत असतो.

साल आणि कातडें

ज्या टॅनिननें तरवडाचें शेळीपासून रक्षण केलें, त्याच टॅनिननें मनुष्याचें लक्ष त्याकडे ओढून घेतलें. कच्च्या चामड्यांतील प्रथिनांशीं टॅनिनचा संयोग झाला म्हणजे चामडें कुजत नाहीं व लवचिक राहतें. कातडें कमावणें तें हेंच. तरवडाच्या सालींत टॅनिनचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपास भरतें. महाराष्ट्रांत बाभळीची साल व हिरडा यांच्या जोडीनें, आणि मद्रास इलाख्यांत तर मुख्यत्वेंकरून, हिचा उपयोग होत असे. तेथून ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नांवानें जीं अर्धवट कमावलेलीं कातडीं विलायतेस जात, त्यांचा लौकिक बव्हंशीं या सालीनें मिळविलेला होता.

आपल्या पांढरपेशा घरांतून कातड्याच्या धंद्याचें नांव काढणें पूर्वीं अप्रशस्त समजत. परंतु ज्या मोटेच्या पाण्यावर मळे पिकले ती मोट कातड्याची होती, पायांतील वहाणा कातड्याच्या होत्या, आणि देवापुढील मृदंगावरही कातडेंच मढविलेलें असे. ज्या कारागिरांनीं तें कमावलें त्यांस मात्र आपण गांवाबाहेर ठेविलें. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यापासून जवळच असलेल्या कल्याण नगरींत बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या शरणमंडळींत कक्कय्या हा कातडीं कमावणारा भक्त इतरांच्या बरोबरीनें बसत असे. ढोर समाज आजही त्याचें नांव अभिमानानें लावतो. तरवडाप्रमाणेंच ज्यांच्या श्रमाचा उपयोग सर्वांनीं केला आणि मान कोणींच दिला नाहीं, अशांची आठवण या प्रसंगीं होणें योग्यच आहे.

सालीसाठीं फांद्या तोडून तोडून तरवडाचा संहार होण्याची वेळ आली असती. पण दोन गोष्टींनीं तो वांचला. एक, दक्षिण आफ्रिकेंत लागवड केलेल्या ‘वॅटल’ या ऑस्ट्रेलियन बाभळीची साल येथें येऊं लागली. तींत टॅनिन शेंकडा ३० हून अधिक असे. दुसरी, विसाव्या शतकाच्या आरंभीं आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या खटपटीनें मद्रासेंत क्रोमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याची पद्धति सुरू झाली. बाजारानें तरवडास विचारणें कमी केलें, आणि उपेक्षेनेंच त्यास जीवदान दिलें.

देवघरांत आणि औषधींत

मराठवाड्यांत नवरात्रांतील घटावर जी रानफुलांची माळ चढते, तींत कारळ्याच्या फुलांबरोबर तरवडाचेंही फूल असतें. तेलंगणांत याच दिवसांत बतुकम्मा हा स्त्रियांचा सण होतो. फुलांचा शंकूसारखा मनोरा रचून, भोंवतीं फेर धरून गाणीं म्हणतात, आणि शेवटीं तो पाण्यांत सोडतात. त्या मनोऱ्यांत तंगेडू, म्हणजे तरवड, हें मानाचें फूल. २०१४ सालीं नवें राज्य झाल्यावर तेलंगणानें तेंच आपलें राज्यपुष्प ठरविलें. धाराशिव व तेलंगण हे दोन्ही प्रदेश एके काळीं एकाच संस्थानांत नांदले. पण तेथें जें राज्यपुष्प, तें येथें माळावरचें तण, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा!

तामिळ लोकांत, तरवड फुलतो तेथें मरण कसें येईल, अशा अर्थाची म्हण आहे, आणि सिंहलद्वीपांत ‘रणवरा’ या नांवानें त्याच्या वाळल्या फुलांचा चहा करून पितात. आपल्याकडेही मधुमेहावर तरवडाच्या फुलांचा काढा सांगणारे पुष्कळ भेटतात. येथें गृहिणींस एक सूचना करणें अवश्य वाटतें. या गुणाविषयींचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. त्यावर विसंबून चालू औषध बंद करणें धोक्याचें आहे. तसेंच सोनामुखीच्या पानांत तरवडाच्या पानांची भेसळ होत असे व होऊं शकते. तरवडांत सोनामुखीचा रेचक गुण नसल्यामुळें औषध लागू पडत नाहीं. कानाच्या पाळीसारखीं उपपर्णें सुक्या पाल्यांत सांपडलीं, तर संशय घ्यावा.

पडीक कशास म्हणावें?

आतां तरवडावर आलेलें संकट पूर्वींच्याहून निराळें आहे. पूर्वीं त्याची साल हवी होती. आज त्याची जागा हवी आहे. महसुली दप्तरांत माळास ‘पडीक’ म्हणण्याची वहिवाट जुनीच. केंद्र सरकारनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांतही झुडुपी जमिनीचा एक स्वतंत्र वर्ग करून ती पडीकांतच मोजली आहे. एकदां पडीक म्हटलें, कीं ती भरून काढणें हें पुण्यकर्म ठरतें. कोठें खडीच्या खाणी, कोठें पवनचक्क्या व सौरविजेचे प्रकल्प, कोठें यंत्रानें सपाट केलेलीं शेतें. यांतील प्रत्येक गोष्ट वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. वीज सर्वांसच हवी आहे. परंतु ती जागा रिकामी होती, ही समजूत खोटी आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट वृक्षारोपणांत घडते. माळ हिरवा करावयाचा म्हणून तेथील झुडपें उपटून चर खणतात, आणि त्यांत गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावितात. हीं दोन्ही झाडें शिंबावंत कुलांतलींच, पण मूळचीं मध्य अमेरिकेकडचीं. म्हणजे घरचा आप्त हांकलून त्याच्याच नात्यांतला परदेशस्थ पाहुणा त्याच्या जागीं बसविण्यासारखें हें झालें! उपटलेल्या जागीं पाहुणा रुजला नाहीं, तर घाणेरी आणि गाजरगवत हे आगंतुक त्या जागेचा ताबा घेण्यास टपलेले असतातच. जिल्ह्यांत रामलिंग घाटाचें सुमारें २२ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य १९९७ पासून आहे. पण सर्व माळांस कुंपण घालणें शक्य नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची वडिलोपार्जित जमीन आजही खेड्यांत आहे. ती वांट्यानें किंवा खंडानें दिलेली असली, तरी बांध कसे राखावे हें सांगण्याचा अधिकार मालकाचा असतो. बांधावरील व नाल्याच्या कडेवरील तरवड जाळूं अगर उपटूं नये, एवढें सांगितलें तरी पुष्कळ होईल. जेथें माती उघडी पडली आहे, तेथें वाळक्या शेंगांतील बीं पावसाच्या तोंडीं टाकावें. त्यास पुढें पाण्याचा किंवा राखणीचा खर्च नाहीं. गांवाच्या गायरानांत झाडें लावण्याचा ठराव येईल, तेव्हां तेथें आधींपासून काय उभें आहे हें प्रथम पाहावें, असा आग्रह धरावा. आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांस दसऱ्याच्या दिवशीं आपट्याच्या पानाबरोबर तरवडाचें एक फूलही ओळखावयास लावावें. ज्याचें नांव ठाऊक असतें, त्यावर कुऱ्हाड घालतांना मनुष्याचा हात क्षणभर तरी थांबतो. माळावरील या राखणदारास तेवढें पुरेसें आहे. बाकीचें काम तो आजवर करीत आला तसें पुढेंही करील.